हुआ हिनमधला आमचा फ्लॅट: एजंटला अडीच स्टार, बिल्डिंगच्या ऑफिसला पाच

पटायाला नाही घेतला हो. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण थायलंडमध्ये फ्लॅट घेतला म्हटलं की सोसायटीतले काका लोक माझ्या नवऱ्याकडे बघून असं काही हसतात की त्याला लिफ्टमध्ये शिरायची चोरी झालीये. हुआ हिन. बँकॉकच्या खाली साधारण 200 किलोमीटर, समुद्राकाठचं गाव. तिथल्या राजाने 1920 च्या दशकात उन्हाळ्यात राहायला इथे राजवाडा बांधला, आणि बँकॉकवाले अजूनही शुक्रवारी संध्याकाळी गाड्या काढून इकडेच येतात. म्हणजे मुंबईकरांचं अलिबाग, फक्त फुटपाथ असलेलं.

आधी दापोलीकडे बघत होतो आम्ही, खोटं कशाला बोलू. दोन वर्षं बघितलं. एक जागा फार आवडली होती, विहीर, सहा कलमं, समुद्र चालत दहा मिनिटं, आणि सातबारावर अकरा नावं, त्यातली तीन माणसं वारलेली आणि एक अमेरिकेत जे फोनच उचलत नाहीत. शेवटी नवरा म्हणाला वारसनोंदी होईस्तोवर आपली नावं कोणाच्या तरी सातबाऱ्यावरून कमी करायची वेळ येईल. मुलगी सिंगापूरला असते, तिला चार दिवस सुट्टी मिळते आणि त्यातले दोन ठाण्याला येण्याजाण्यात जातात, तर मधेच कुठेतरी भेटायचं म्हणून थायलंडला जायला लागलो आणि तिसऱ्या फेरीत हे डोक्यात शिरलं.

आता एजंटचं. नाव देत नाही, उगाच कटकट नको. मुंबईत एका मोठ्या हॉटेलात त्यांचं प्रदर्शन होतं, आत गेल्यागेल्या हातात नारळपाणी, भिंतीवर समुद्र आणि प्रत्येक टेबलावर एक तरणाबांड मुलगा टॅब घेऊन. आमच्या वाट्याला आलेला मुलगा मराठी निघाला, मॅम मॅम करत होता, नवऱ्याने गाव विचारल्यावर काकूवर आला. चांगला होता बिचारा. पण जे पत्रक दिलं त्यावर मोठ्या अक्षरात "7 टक्के गॅरंटीड रेंटल" होतं आणि मी विचारलं भाड्याने कोणाला देणार, तर म्हणे टुरिस्टना, चार दिवस, पाच दिवस, आम्ही सगळं बघतो. हे लक्षात ठेवा, पुढे येतंच.

दुसरी गोष्ट, ही खरं म्हणजे पहिली. तिथे परदेशी माणसाला जमीन आपल्या नावावर घेता येत नाही, पण कॉन्डोमधला, म्हणजे ओनरशिप फ्लॅटच्या बिल्डिंगमधला, फ्लॅट घेता येतो, आणि तोसुद्धा एका बिल्डिंगच्या एकूण विक्रीयोग्य क्षेत्रफळाच्या 49 टक्क्यांपर्यंतच परदेशी लोकांच्या नावावर असू शकतो. कोटा भरला की संपलं. मग एजंट काय करतात, कोटा नसलेला फ्लॅट लीजवर दाखवतात, 30 वर्षं, आणि वर तोंडी सांगतात की 30 अधिक 30 अधिक 30. आम्हालाही पहिले दोन फ्लॅट असेच दाखवले, स्वस्त होते, दिसायला झकास. नोंदणी पहिल्या 30 वर्षांचीच होते, पुढच्या दोन तिशींची गॅरंटी कायदा देत नाही. हे आम्हाला एजंटने नाही सांगितलं, तिथल्या वकीलबाईंनी सांगितलं, ज्यांना आम्ही वेगळे पैसे दिले. वकील आपला वेगळा घ्या. एजंट म्हणतो आमचा आहे फ्री आहे, फ्री आहे म्हणूनच नको.

शेवटी रीसेलचा घेतला, फॉरेन कोट्यातला, एका नॉर्वेजियन जोडप्याकडून. 34 चौरस मीटर म्हणजे 366 स्क्वेअर फूट, एक बेडरूम, तिसरा मजला, समुद्र दिसत नाही. 28 लाख बाट, तेव्हाच्या दराने आपले साधारण 69 लाख. फर्निचर, भांडी, दोन छत्र्या आणि नॉर्वेजियन भाषेतल्या खूप साऱ्या रहस्यकथा सकट.

समुद्र दिसत नाही यावर माझ्या बहिणीने मला वेड्यात काढलंय. तर ऐका. आम्ही चार बिल्डिंगी बघितल्या. एक अगदी बीचवर होती, बाल्कनीतून नुसतं निळं, मी तर मनातल्या मनात पडदे पण लावले होते. तिथल्याच पूलपाशी एक म्हातारा स्वीडिश गृहस्थ बसला होता (हुआ हिनमध्ये थंडीच्या महिन्यांत हे लोक पुष्कळ असतात, पक्षी आल्यासारखे येतात), नवरा त्याच्याशी गप्पा मारत बसला. त्याने सांगितलं की फ्लॅट काय बघताय, सकाळी आठ वाजता येऊन ऑफिस बघा. तिथे प्रत्येक कॉन्डोला कायद्यानेच एक ज्युरिस्टिक ऑफिस असावं लागतं, म्हणजे आपलं सोसायटी ऑफिस, मेंटेनन्स, लिफ्ट, पाणी, कागदपत्रं सगळं तेच बघतं. दुसऱ्या दिवशी आठला गेलो. निळ्या समुद्रवाल्या बिल्डिंगचं ऑफिस बंद. नऊला बंद. साडेनऊला एक मुलगा आला त्याने कुलूप उघडलं आणि मोबाइल चार्जिंगला लावून झोपला. नोटीस बोर्डावर थकबाकीची यादी लावलेली, ती मला वाचता येत नव्हती पण लांबी दिसत होती ना. तीन लिफ्टपैकी एक बंद, आणि बंदची पाटी उन्हाने पिवळी पडलेली.

आमच्या बिल्डिंगचं ऑफिस आठला पाच मिनिटं कमी असताना उघडं होतं. आत एक बाई, पंचेचाळीसेक वयाची, चष्मा डोक्यावर, टेबलावर फायली उभ्या लावलेल्या आणि प्रत्येक फायलीच्या पाठीवर फ्लॅट नंबर. नवऱ्याने आमचा नंबर सांगितल्यावर तिने न शोधता फाइल काढली. झालं, तिथेच घर पसंत पडलं, फ्लॅट नंतर बघितला.

ही पी. म्हणजे तिचं नाव वेगळं आहे, तिथे आपल्यापेक्षा मोठ्या माणसाच्या नावाआधी पी लावतात, ताई-दादासारखं, मी तिला नुसतं पी म्हणते. ती पण मला पीच म्हणते त्यामुळे वय कोणाचं जास्त हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

पैसे पाठवायचा भाग सगळ्यात डोकेदुखीचा, तो नीट वाचा कारण इथेच लोक अडकतात. आपल्याकडून एलआरएसमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेत, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, वर्ष म्हणजे एप्रिल ते मार्च, आणि नवरा-बायको दोघांची मर्यादा वेगळी. आम्ही दोघांच्या नावावर घेतलं म्हणून दोघांनी आपापल्या खात्यातून पाठवले. आमच्या सीएने बिल्डरच्या हप्त्यांच्या स्कीमला हातही लावू दिला नाही आणि कर्जाचं नाव काढल्यावर चष्मा काढून बघितलं, पैसे स्वतःचे आणि एकरकमी एवढंच. तर थायलंडचा नियम असा की हा पैसा तिकडे परकीय चलनातच पोचला पाहिजे आणि बाट त्याचे तिथल्या बँकेत झाले पाहिजेत, तरच लँड ऑफिस फ्लॅट परदेशी माणसाच्या नावावर करतं. आणि आमच्या बँकेतला रिलेशनशिप मॅनेजर काय म्हणतोय, मॅडम डायरेक्ट बाटमध्ये पाठवू, रेट चांगला बसेल. फॉर्म भरून तयार! सही करायची बाकी. मी सहज म्हणून त्याचा फोटो वकीलबाईंना पाठवला तर त्यांचा फोनच आला, कॅन्सल कॅन्सल कॅन्सल. 69 लाख रुपये तिकडे जाऊन नुसते पडून राहिले असते. नवीन फॉर्म, चलन डॉलर, पर्पज कोड एस0005, रिमार्कमध्ये फ्लॅट नंबर आणि बिल्डिंगच्या नावासकट कॉन्डो खरेदीसाठी असं स्पष्ट.

नावाची गंमत वेगळीच. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. बँकेत आडनाव आधी आणि नवऱ्याचं नुसतं अक्षर. पॅनवर अजून तिसरं काहीतरी. आपल्याला यात काही वाटतच नाही, आयुष्य गेलं असं. तिकडच्या बँकेने विचारलं ही तीन माणसं कोण. मग इथल्या बँकेकडून लेटरहेडवर पत्र, की ही एकच बाई आहे. 50 हजार डॉलर किंवा वरची रक्कम असेल तर तिकडची बँक त्याचा एक फॉर्म देते, एफईटी म्हणतात, आमची दोघांची वेगवेगळी रक्कम त्याच्या खाली होती त्यामुळे बँकेचं पत्र घेतलं, तेही चालतं. हे कागद जपून ठेवा, पुढे विकून पैसा परत आणायचा तर हेच लागणार.

आणि टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ कापते ती टॅक्सची रक्कम. आम्ही नोव्हेंबर 2024 ला पाठवले तेव्हा माणशी 7 लाखांच्या वर 20 टक्के कापायचे, एप्रिल 2025 पासून ती मर्यादा 10 लाख झाली. आमचे दोघांचे मिळून 11 लाख रुपये बँकेने वरचे वर कापले. हा जादा टॅक्स नाही, रिटर्न भरल्यावर हिशोबात धरला जातो, आमचे ऑक्टोबरात आले परत, पण तोपर्यंत ते 11 लाख अडकलेच ना. प्रदर्शनातल्या त्या देखण्या पत्रकात याचं अक्षर नव्हतं. विचारल्यावर मुलगा म्हणाला, काकू ते तुमच्या साइडचं आहे. तुमची साइड! नारळपाणी कोणत्या साइडचं होतं मग.

लँड ऑफिसचा दिवस मात्र मजेचा गेला. मी ठाण्याच्या रजिस्ट्रार ऑफिसच्या तयारीने गेले होते, पाण्याची बाटली, बिस्किटं, झेरॉक्सच्या दोन प्रती जास्त. तिथे टोकन, एसी, आणि बाहेर एक बाई भाजलेली केळी विकतेय. आपल्याकडे ठाण्यात 7 टक्के स्टॅम्प ड्युटी, बाईच्या नावावर असेल तर 1 टक्का कमी. तिथे ट्रान्सफर फी 2 टक्के, तीही सरकारी मूल्यांकनावर, जे आमच्या किमतीपेक्षा बरंच खाली होतं, आणि रिवाज म्हणून अर्धी विकणाऱ्याने भरली. आमच्या वाट्याला 19 हजार बाट. विकणाऱ्याने पाच वर्षांच्या आत विकलं तर त्याला 3.3 टक्के वेगळा कर बसतो आणि तो हळूच किमतीत येतो, आमचे नॉर्वेजियन जुने होते म्हणून वाचलो. पी ने दोन पत्रं तयार करून दिली होती, एक या फ्लॅटची काही थकबाकी नाही याचं आणि दुसरं फॉरेन कोट्यात जागा आहे याचं, यातलं एक जरी नसलं तरी टेबलावरूनच परत पाठवतात. आमच्या शेजारच्या टेबलवर एका जोडप्याचं तसंच झालं, थकबाकीचं पत्र नव्हतं, त्यांची बिल्डिंग कोणती ते सांगायची गरज नाही, निळी.

मग टायटल डीड हातात आलं. एक कागद. मालकांची नावं दोन, आमची. वर गरुड! म्हटलं चला, ओळखीचं कोणीतरी भेटलं. खाली तारीख, आणि साल 2567. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर त्या म्हणाल्या, अगं फसवलं तुम्हाला, आपलं शके 1946 चालू आहे, हे कुठून आणलं 2567. त्यांना समजावलं की बुद्धाच्या निर्वाणापासून मोजतात हे लोक. त्यावर म्हणाल्या मग ठीक आहे.

आता भाडं. आठवतंय ना 7 टक्के. ताबा घेतला त्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये पाटी वाचली, थाई, इंग्रजी, रशियन आणि चिनी अशा चार भाषांत, डेली रेंटल मना आहे. तिथे 30 दिवसांपेक्षा कमी भाड्याने द्यायचं तर हॉटेलचं लायसन्स लागतं, ते फ्लॅटवाल्याकडे कुठून असणार. म्हणजे मुलाने जे चार दिवस पाच दिवस सांगितलं होतं ते सरळसरळ बेकायदा. त्याला फोन केला तर म्हणे काकू सगळेच करतात. करत असतील. परक्या देशात जाऊन पोलीस ठाण्यात बसायची माझी हौस नाही. त्यानंतर त्याचे फोन उचलणं कमी होत गेलं आणि आता डीपी पण दिसत नाही. अडीच स्टार दिले ते विमानतळावर घ्यायला गाडी वेळेत पाठवली आणि नॉर्वेजियन माणसाशी घासाघीस चांगली केली म्हणून, दीड लाख बाट कमी करून दिले, हे त्याचं श्रेय.

महिना-दोन महिन्यांसाठी द्यायला हरकत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत एक फिनिश आजी-आजोबा राहून गेले, पी नेच आणले, करार तिने केला, आणि परदेशी माणूस राहायला आला की 24 तासांच्या आत इमिग्रेशनला कळवावं लागतं तेही तिने केलं. जाताना आजींनी ओटा इतका घासलाय की मला माझाच लाजिरवाणा वाटला.

पी ची एकच गोष्ट सांगते. 28 मार्च 2025, म्यानमारचा भूकंप, बँकॉकमध्ये बांधकाम चालू असलेली ती सरकारी इमारत कोसळल्याचे व्हिडिओ दुपारभर सगळ्या ग्रुपवर फिरत होते. आम्ही ठाण्यात टीव्हीसमोर. हुआ हिनला काय झालं काही कळेना, मुलगी सिंगापूरहून रडायच्या बेतात. संध्याकाळी लाइनवर (तिथे व्हॉट्सअॅप फारसं कोणी वापरत नाही, लाइन नावाचं अॅप वापरतात) टिंग टिंग टिंग. चौदा फोटो. हॉलच्या चारी भिंती, बेडरूमच्या चारी, बाथरूमची टाइल, बाल्कनीचा कोपरा, बीमचा सांधा अगदी जवळून, त्यात तिचं बोट दिसतंय, इथे इथे क्रॅक नाही असं दाखवणारं. शेवटचा फोटो देव्हाऱ्याचा. आम्ही फ्रिजवर गणपती ठेवलाय छोटा, तो किंचित सरकला होता, तिने आधी सरकलेला फोटो काढला आणि मग सरळ करून दुसरा. सगळ्या 100 च्या वर फ्लॅटना तिने दिवसभरात असे फोटो पाठवले म्हणे. इथे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना गळतीचा फोटो मी पाठवते आणि ते त्याला अंगठा दाखवतात.

मेंटेनन्स चौरस मीटरला महिना 45 बाट, म्हणजे वर्षाला 18,360 बाट, आम्ही घेतलं तेव्हाच्या दराने आपले 45 हजारांच्या आसपास. स्वस्त नाही, पण पूल स्वच्छ असतो आणि पी चा पगार त्यातूनच जातो तर जाऊ दे. घरपट्टीसारखा कर आहे तो 0.02 टक्के, काहीशे बाट, बिल आलं तेव्हा मला वाटलं हे फक्त कुरिअरचं असेल. खारी हवा आहे, बिजागऱ्या गंजतात, बंद घरात कपाटाला बुरशीचा वास येतो, कोकणातलं असाल तर नवीन काही नाही, कापूर ठेवा आणि महिन्यातून एकदा कोणी उघडेल असं बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस असतो, तेव्हा जाऊ नका. बँकॉकच्या विमानतळावरून थेट बस आहे, चारेक तास लागतात, ट्रेन पण आहे आणि जुनं लाकडी स्टेशन इतकं सुंदर आहे की नवऱ्याने त्याचेच साठ फोटो काढलेत, माझे चार.

स्वयंपाकघर हा एक मोठा मायनस. बिल्डिंगमध्ये गॅस चालत नाही, इंडक्शनच. मी ठाण्याहून हिंडालियमचा तवा, पोळपाट-लाटणं असं सगळं घेऊन गेले, कस्टमवाल्याने लाटणं हातात घेऊन फिरवून बघितलं आणि सोडलं, आणि तवा इंडक्शनवर ठेवला तर ढिम्म. अॅल्युमिनियम चालतच नाही त्यावर. पहिल्या दिवशी पोळ्या नॉर्वेजियन बाईच्या बिडाच्या जड पॅनमध्ये केल्या, आणि खरं सांगायचं तर घरच्यापेक्षा बऱ्या झाल्या. बाजारात कोथिंबीर मुळासकट मिळते, कैरी, नारळ, शेवग्याच्या शेंगा, केळफूल, आळूसारखी पानं पण दिसली पण हिंमत झाली नाही. शाकाहारी असाल तर पिवळ्या झेंड्यावर थाईत "जे" (म्हणजे शाकाहारी) असं लिहिलेलं दुकान शोधा, बाकी ठिकाणी भाजीतसुद्धा माशाचा सॉस असतो, "माई साई नाम प्ला" एवढं पाठ करा. खाओ तकियाब टेकडीवर माकडं आहेत, तिथे देवळात जाताना हातात पिशवी नको, माझ्या चिक्कीचं पाकीट गेलं.

सीए ने शेवटी अजून एक धाक घातलाय तोही लिहिते. रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरायचं, दरवर्षी, भाडं येवो न येवो, आणि त्यात वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरायचं. नाही दाखवलं तर काळ्या पैशाच्या कायद्यात 10 लाखांचा दंड आहे, 20 लाखांपर्यंतच्या बाहेरच्या मालमत्तेला हल्ली जी सूट दिलीये ती घराला लागू नाही. फिनिश आजींचं भाडंही इथल्या उत्पन्नात दाखवायचंय.

सव्वा वर्षात आम्ही स्वतः राहिलो किती, तर 31 रात्री. नवऱ्याने एक्सेलमध्ये हिशोब करून एका रात्रीची किंमत काढली होती, मी ती फाइल डिलीट केली. मुलगी पाच वेळा येऊन गेली, त्यातल्या दोन वेळा आम्हाला न सांगता, ते पी कडून कळलं.

परवा लाइनवर परत फोटो. बाल्कनीत एसीच्या बाहेरच्या युनिटमागे कबुतराने घरटं केलंय, दोन अंडी, आणि खाली पी चा प्रश्न की काढू का. ठाण्यात कबुतरांच्या नावाने जाळ्या मारून घेणारा माझा नवरा, त्याने मला न विचारता उत्तर पाठवलं, नको, राहू दे. त्यामुळे एप्रिलमध्ये सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या, सुट्टीला आम्ही जाऊ तेव्हा बेडरूमचा एसी बंद असणार आहे आणि आम्ही हॉलमध्ये झोपणार आहोत.